गंधसरूच्या वरची उघडी जमीन

उत्तर लेबनॉनमधल्या बशर्री या छोट्या डोंगरी गावात माणसे येतात ती मुख्यतः चार गोष्टींसाठी. गावाच्या पायाशी एकदम खोल तुटलेली कादीशाची दरी आणि तिच्या कड्यांतले मठ. चुनखडीतून झिरपणाऱ्या पाण्याने घडवलेली गुहा. कवी खलील जिब्रानची समाधी. आणि गावाच्या वर, दोन हजार मीटरच्या आसपास, लेबनॉनच्या झेंड्यावर जाऊन बसलेल्या गंधसरूंची (सीडरची) राई. या चारही ठिकाणांची निगा कशी राखावी यावर आजवर पुष्कळ बोलले आणि लिहिले गेले आहे. मला बोलायचे आहे ते मात्र अशा जागेबद्दल, जिथे फोटो काढण्यासारखे फारसे काही नाही. राईच्या मागे डोंगर आणखी हजारेक मीटर चढत जातो आणि कुर्नत अस-सौदा या ३,०८८ मीटर उंचीच्या, देशातल्या सर्वोच्च माथ्याला भिडतो. वर झाड नाही, सावली नाही. दगड, काटेरी गाद्यांसारखी जमिनीलगत वाढणारी झुडपे आणि उन्हाळ्यातही खळग्यांत टिकून राहिलेला बर्फ, एवढेच. १ जुलै २०२३ रोजी याच माथ्याच्या परिसरात बशर्रीचे दोन रहिवासी गोळ्या लागून मरण पावले.

बशर्रीचा निसर्ग टिकवायचा असेल तर आधी या उघड्या माथ्याची जमीनमोजणी पुरी झाली पाहिजे आणि तिथल्या पाण्याबद्दल डोंगराच्या दोन्ही अंगांच्या गावांत लेखी करार झाला पाहिजे, असे माझे मत आहे. वृक्षारोपण, राईभोवतीची कुंपणे, जागतिक वारशाच्या पाट्या, पर्यटनाचे आराखडे हे सगळे त्यानंतरचे. मोजणी हा शब्द निसर्गप्रेमींच्या सभेत कुणाला सुचत नाही. तो तलाठी आणि वकिलांचा प्रांत वाटतो. पण या डोंगरावर गेल्या दोन हजार वर्षांत झाडांचे जे काही बरेवाईट झाले, त्याच्या मुळाशी प्रत्येक वेळी एकच प्रश्न दिसतो: ही जमीन आणि तिच्यावर उगवणारे कुणाचे?

बशर्री मॅरोनाइटांचे गाव. मॅरोनाइट हे रोमच्या पोपला मानणारे, पण उपासनेत सीरियाक परंपरा जपणारे पूर्वेकडचे ख्रिस्ती. कादीशाची दरी हे त्यांचे आश्रयस्थान. दरीतल्या कन्नूबीनच्या मठात पंधराव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकापर्यंत त्यांच्या धर्मगुरूंची, म्हणजे पॅट्रिआर्कांची गादी होती. जवळच कोझहायाच्या मठात १६१० साली छापखान्यावर स्तोत्रसंहिता छापली गेली. त्या साऱ्या प्रदेशातल्या छपाईच्या इतिहासाचा आरंभ तिथून सांगतात. १२८३ मध्ये इजिप्तच्या मामलूक सुलतानाच्या फौजा या डोंगरांत शिरल्या तेव्हा आसी अल-हदथच्या गुहेत गावकऱ्यांनी आसरा घेतला होता. कोरड्या हवेत आपोआप टिकून राहिलेले त्यांच्यापैकी काहींचे मृतदेह, अंगावरच्या कशिद्याच्या कपड्यांसह, १९९० च्या सुमारास गुहासंशोधकांना मिळाले. यात तान्ही मुलेही होती. ज्या समाजाच्या आठवणीत अशी गुहा आहे, त्याला डोंगर म्हणजे केवळ मालमत्ता वाटत नाही. बशर्रीकरांचा माथ्यावरचा हट्ट समजून घ्यायचा तर ही आठवण लक्षात ठेवावी लागते. पुढे मी त्यांच्याशी मतभेद व्यक्त करणार आहे, म्हणून हे आधीच नोंदवतो.

आता झाडांकडे येऊ. मराठी बायबल वाचणाऱ्यांना लबानोनचा गंधसरू ठाऊक आहे. शलमोनाच्या मंदिरासाठी सोरच्या हिराम राजाने पाठवलेले लाकूड ते हेच. हिमालयातला देवदार याच कुळातला. लाकूड सुगंधी, सरळ, कीड न लागणारे. ज्या देशांत मोठे वृक्ष नव्हते तिथल्या राजांना ते हवेहवेसे होते. खुफूच्या पिरॅमिडजवळ १९५४ मध्ये सापडलेली, चाळीस मीटरहून लांब नौका लेबनॉनच्या गंधसरूची आहे. फिनिशियनांनी लाकूड विकले, असिरियन-बाबिलोनी राजांनी खंडणी म्हणून नेले. कितीतरी साम्राज्यांच्या छपरांखाली हा डोंगर खर्ची पडला.

तोड थांबवण्याचा पहिला पक्का पुरावा रोमन सम्राट हेड्रियनच्या काळातला, म्हणजे दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धातला आहे. लेबनॉनच्या डोंगरांत खडकांवर कोरलेले त्याचे दोनशेहून अधिक शिलालेख सापडले आहेत. त्यांतल्या अनेकांचा आशय असा की चार जातींची झाडे सम्राटाची, बाकीची खासगी. गंधसरू त्या चारांत असणार असे अभ्यासक मानतात. या शिलालेखांकडे वनसंरक्षणाचा आद्य नमुना म्हणून बघण्याची पद्धत आहे. मला त्यात हद्दीचा दगड दिसतो. सम्राटाने झाड वाचवण्याआधी झाडाचा मालक ठरवला आणि तो निर्णय त्या जागेवरच्या खडकात खोदून ठेवला, म्हणजे लाकूडतोड्याला माहीत नव्हते असे म्हणता येऊ नये.

पुढे हे काम चर्चने केले. झाड तोडणाऱ्याला बहिष्काराची धमकी पॅट्रिआर्क देत असत असे जुन्या प्रवाशांनी लिहून ठेवले आहे. एकोणिसाव्या शतकात राईच्या मधोमध छोटे प्रार्थनामंदिर उभे राहिले. ६ ऑगस्टला, येशूच्या रूपांतराच्या सणाला, तिथे आजही उपासना होते. १८७६ मध्ये राईभोवती दगडी भिंत घातली गेली, तिचा खर्च इंग्लंडच्या राणी व्हिक्टोरियाने उचलला. भिंत होती शेळ्यांसाठी. जुनी झाडे शेळ्या खात नाहीत, कोवळी रोपे खातात, आणि रोपे गेली की राई म्हातारी होत जाते. १९९८ मध्ये कादीशाची दरी आणि ही राई युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली. आज राईत सुमारे ३७५ जुनी झाडे मोजतात. त्यांतली काही कित्येक शतकांची आहेत.

सम्राटाचा शिलालेख, पॅट्रिआर्कांचा बहिष्कार, राणीची भिंत, युनेस्कोची यादी या चौघांनी मिळून एक काम उत्तम केले: कुऱ्हाड आणि शेळी यांना लांब ठेवले. त्याबद्दल कृतज्ञच राहिले पाहिजे, कारण यांतले एक जरी नसते तरी कदाचित आज त्या झेंड्यावरचे झाड फक्त झेंड्यावरच असते. पण हे सगळे उपाय जागच्या जागी उभे असलेले झाड वाचवणारे आहेत. आताचा धोका तापत्या हवेचा आहे, आणि ती भिंतीपाशी थांबत नाही.

गंधसरूला थंडी लागते आणि बर्फ लागतो. त्याचे शंकू पक्व व्हायला दोन-तीन वर्षे जातात. बी शरद-हिवाळ्यात गळते, बर्फाखाली थंडाव्यात पडून राहते आणि बर्फ वितळला की त्याच ओलीवर रुजते. रोपाला पहिल्या उन्हाळ्याच्या आत मूळ खोलवर नेता आले पाहिजे, कारण लेबनॉनच्या डोंगरांत उन्हाळ्यात पाऊस जवळजवळ नसतोच. बर्फ कमी पडला किंवा लवकर वितळला तर हा हिशेब बिघडतो: रोप लवकर उगवते, नंतरच्या कडाक्यात सापडते, किंवा कोरड्या महिन्यांची लांबी वाढल्याने करपते. त्यात एका किडीची भर पडली. शेजारच्या तन्नूरीनच्या गंधसरू वनात १९९० च्या दशकाच्या शेवटी झाडे सुकू लागली, तेव्हा विज्ञानाला तोवर अज्ञात असलेली एक माशी सापडली. तिच्या अळ्या गंधसरूची कोवळी पालवी खातात. ही माशी मातीत दीर्घकाळ निद्रिस्त राहू शकते. गार, ओली माती तिला दाबून ठेवते. माती उबदार आणि कोरडी झाली की ती अधिक संख्येने बाहेर पडते.

हवा तापली की थंडी आवडणाऱ्या झाडांना एकच वाट असते: वर. पूर्वी जिथे गंधसरू सहज रुजत होता तिथून त्याची सोयीची पातळी डोंगरावर सरकते आहे. तापमानवाढ अशीच चालू राहिली तर शतकाच्या अखेरीस लेबनॉनमध्ये गंधसरू केवळ उत्तरेकडच्या सर्वांत उंच डोंगरांवर नीट तग धरतील असा काही शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. उत्तरेकडचे सर्वांत उंच डोंगर म्हणजे बशर्रीच्या माथ्यावरचेच. देशातल्या दक्षिणेकडच्या, कमी उंचीच्या वनांना वर सरकायला जागाच नाही, कारण त्यांचा डोंगर आधीच संपतो. म्हणजे त्या झाडाच्या पुढच्या शतकाची जागा आज ओसाड दिसणाऱ्या या उतारांवर आहे.

या उतारांवर झाडे लावणारे लोक बशर्रीत आहेत, हे आवर्जून सांगायला हवे. राईची निगा राखणारी स्थानिक समिती १९८५ मध्ये, यादवी युद्धाच्या ऐन धामधुमीत स्थापन झाली. राईबाहेरच्या उघड्या उतारांवर तिने हजारो रोपे लावली आहेत. उघड्या खडकाळ जमिनीवर, वाऱ्यात, कोरड्या उन्हाळ्यात एकेक रोप जगवणे हे कष्टाचे काम आहे. लावणाऱ्याला त्याची सावली मिळत नाही. गंधसरूला पहिले शंकू धरायलाच काही दशके लागतात. ज्यांनी १९८५ नंतर रोपे लावली त्यांची झाडे आत्ता कुठे बी धरण्याच्या वयात येत असतील. अशा कामाला जमिनीची शाश्वती शंभर वर्षांची लागते, आणि नेमकी तीच वर सरकत गेले की विरळ होत जाते.

माथ्यावर नेमके काय आहे ते आता पाहू. कुर्नत अस-सौदाचे पठार चुनखडीचे आहे. पडलेला बर्फ हळूहळू वितळतो आणि पाणी ओढ्यांतून वाहण्याऐवजी भेगांतून, खळग्यांतून खाली मुरते. ते कुठे कुठे जाते? पश्चिमेकडे बशर्रीच्या गुहेजवळून कादीशा नदीचा झरा फुटतो. त्याच पाण्यावर फ्रेंच मँडेटच्या, म्हणजे पहिल्या महायुद्धानंतरच्या फ्रेंच राजवटीच्या काळापासून वीजही निर्माण केली गेली. उत्तरेकडे दन्नियेह या शेजारच्या डोंगरी भागातल्या गावांचे झरे आहेत. दोन्ही अंगांना फळबागा आहेत, बशर्रीची सफरचंदे तर प्रसिद्धच. उन्हाळ्यात जेव्हा बागांना सर्वांत जास्त पाण्याची गरज असते तेव्हा खालचे झरे वरच्या बर्फावर चालतात. आणि पठारावर उभे राहून कुठला खळगा कुठल्या झऱ्याला पाणी देतो हे कुणाला डोळ्यांनी सांगता येत नाही. वरच्या एका ठिकाणी बर्फाचे पाणी पाइपने ओढले किंवा तळे करून अडवले, तर खालच्या कुठल्या गावाचा झरा आटेल हे भूगर्भशास्त्रज्ञालाही रंग मिसळून तपासल्याशिवाय ठामपणे म्हणता येत नाही.

अशा जागेवर बशर्री आणि दन्नियेहमधले बका सफरीन या दोन गावांचा हक्काचा दावा आहे. एक मॅरोनाइट, दुसरे सुन्नी. कुरणे कुणाची, बर्फाचे पाणी कुणाचे, जिल्ह्याची हद्द कुठून जाते, यांवरून तक्रारी दशकानुदशके चालल्या आहेत. सिंचनासाठी वर तळे बांधण्याच्या योजनेवरून तंटा झाला. उन्हाळा आला की पाइप टाकल्याच्या, पाइप तोडल्याच्या, मेंढपाळांना हुसकल्याच्या बातम्या येत. मग २०२३ च्या जुलैत माणसे मेली. त्यानंतर दोन्ही बाजूंच्या पुढाऱ्यांनी शांततेचे आवाहन केले, हंगामी सरकारने मंत्र्यांची समिती नेमली, लष्कराने परिसर आपल्या ताब्यात ठेवला. लेबनॉनमध्ये अशा घटनेला धर्मयुद्धाचे वळण लागायला वेळ लागत नाही. ते लागले नाही, हे श्रेय दोन्ही गावांतल्या शहाण्या माणसांचे आहे. पण मूळ प्रश्न जिथल्या तिथे राहिला.

मूळ प्रश्न कागदाचा आहे. लेबनॉनमध्ये आधुनिक भूमापनाचा पाया फ्रेंच मँडेटने १९२६ च्या आदेशाने घातला. किनारपट्टी आणि सुपीक मैदाने मोजली गेली, तिथे जमिनीला भाव होता. उंच डोंगरातला मोठा भाग मोजणीविना राहिला. स्वातंत्र्य १९४३ मध्ये आले, त्याच वर्षी गंधसरूचा आजचा झेंडा आला, पण ज्या डोंगरावर तो उगवतो त्याची हद्द ठरली नाही. मग हक्काचा पुरावा म्हणून उरतात ओटोमन काळचे दस्तऐवज, मेंढपाळांच्या आठवणी, नकाशांवर वेगवेगळ्या काळी ओढलेल्या एकमेकींशी न जुळणाऱ्या रेषा. महाराष्ट्रातल्या कुणालाही बांधावरचे भांडण समजावून सांगावे लागत नाही. सख्खे भाऊ बांधापायी कोर्टात उभे राहतात. इथे बांधच नाही, आणि दोन बाजूंना दोन भाऊ नसून दोन धर्मसमाज आहेत, दोघांच्या घरी यादवी युद्धाच्या आठवणी आहेत आणि पुष्कळांच्या घरी बंदुका.

मोजणी इतकी वर्षे का रखडली याची तांत्रिक कारणे मिळतील, पण मला खरे कारण राजकीय वाटते. हद्द ठरलेली नसली की प्रत्येक तंट्यात मध्यस्थ लागतो. मध्यस्थी हेच पुढाऱ्याचे भांडवल. गावकऱ्याला हक्क कागदावर मिळाला तर त्याला दर उन्हाळ्यात कुणाच्या दारात जावे लागणार नाही. लेबनॉनमधली सारी सत्ता धर्मसमाजांत वाटलेली आहे आणि प्रत्येक समाजाचा नेता आपल्या माणसांचा राखणदार म्हणून उभा असतो. राखणदाराची गरज टिकण्यासाठी भीतीही टिकावी लागते. ही व्यवस्था एकट्या बशर्रीची नाही, पण बशर्रीला तिची किंमत उघड्या डोंगरावर मोजावी लागते.

यावर बशर्रीच्या बाजूने एक जोरकस उत्तर येते, आणि ते दुर्लक्षून चालणार नाही. ते म्हणतील: हा डोंगर आम्ही राखला. शतकानुशतके आमच्या पॅट्रिआर्कांनी कुऱ्हाड अडवली, आमच्या मुलांनी युद्धात रोपे लावली. सरकारने काय केले? जो राखतो त्याचाच डोंगर. या युक्तिवादात खूप तथ्य आहे. जगभर अनुभव हाच आहे की जंगल राजधानीतून राखले जात नाही. ते राखतात तिथे राहणारी आणि त्याच्यावर जगणारी माणसे. बशर्रीला या डोंगराच्या कारभारात पहिला आवाज असलाच पाहिजे. पण राखणीमधून मालकीचा एकतर्फी हक्क निघत नाही. बका सफरीनचा शेतकरीही त्याच बर्फावर जगतो आणि त्याचे आजे-पणजेही तिथेच मेंढरे चारत होते. ज्याचे पाणी डोंगराच्या पोटातून दुसऱ्या अंगाला जाते, त्याला बाहेरचा ठरवून डोंगर राखता येत नाही. पाइप तोडून कुणाचे झाड वाढत नाही.

शिवाय ‘आमचे’ या भावनेला संस्थेचा लगाम नसेल तर काय होते, हे बशर्रीने स्वतःच्या घरात दोनदा पाहिले आहे. पहिली गोष्ट जिब्रानची. १८८३ मध्ये इथे जन्मलेला, बारा वर्षांचा असताना आईबरोबर अमेरिकेला गेलेला हा माणूस १९३१ मध्ये न्यूयॉर्कमध्ये वारला. मृत्युपत्रात त्याने आपल्या पुस्तकांचे स्वामित्वधन आपल्या गावाला, गावाच्या भल्यासाठी दिले. गावाबद्दल याहून उदार प्रेम कोण दाखवेल! त्याचे सर्वाधिक वाचले गेलेले पुस्तक, ‘द प्रॉफेट’, १९२३ चे. ते पुढे लाखोंनी खपले आणि मराठीसह कितीतरी भाषांत गेले, त्यामुळे रक्कम मोठी होत गेली. पण ती कुणी, कशी, कुणाला विचारून खर्च करायची याची घडी बसली नाही. गावातली घराणी समितीच्या ताब्यासाठी झगडली, अमेरिकेत वारसांशी आणि वकिलांशी खटले झाले, शेवटी लेबनॉनच्या सरकारला हात घालावा लागला. १९७५ मध्ये मार सर्किसच्या जुन्या मठात, त्याच्या समाधीपाशी, संग्रहालय उभे राहिले, आणि ते खरोखर पाहण्यासारखे आहे. तरी एका कवीने भल्या मनाने ठेवलेला ठेवा गावाला एकत्र आणण्याऐवजी बराच काळ फोडत राहिला, हे विसरता येत नाही. २०१९ पासून त्या पुस्तकाचा अमेरिकेतला स्वामित्वहक्क संपला आणि तो झराही आटत चालला. पैशाला हिशेब लागतो आणि हिशेबाला कायमची, सगळ्यांना उत्तरदायी संस्था. पाण्याला आणि जमिनीला तर तिची अधिकच गरज आहे.

दुसरी गोष्ट २०२० ची. त्या नोव्हेंबरात गावातल्या एका रहिवाशाचा खून झाला, आरोप एका सीरियन माणसावर होता. नंतरच्या संतापात बशर्रीतून सुमारे २७० सीरियन निर्वासित कुटुंबांना गाव सोडावे लागले. एका माणसाच्या गुन्ह्याची शिक्षा शेकडो कुटुंबांना, भर थंडीच्या तोंडावर. लेबनॉनच्या बागांत, बांधकामांत वर्षानुवर्षे घाम गाळणारे हात सीरियनांचेच असतात. दुःखात असलेल्या गावाला उपदेश करणे सोपे आहे आणि तो मला करायचा नाही. पण ‘हे गाव आमचे’ या वाक्याची धार कुठपर्यंत जाते ते यातून दिसते, आणि माथ्यावरही तीच धार आहे. कायदा जिथे पोचत नाही तिथे समाजाची एकी हाच कायदा होतो. मग ती एकी आपल्या माणसाला जितकी ऊब देते तितकीच परक्याला भाजते.

पर्यटनाने हे प्रश्न सुटतील असा एक आशावाद आहे. पाहुणे वाढले, गावात पैसा आला, की निसर्ग राखण्याची गरज लोकांना आपोआप पटेल, असे त्याचे गणित. मला ते पटत नाही. राईखालच्या रस्त्यावर गंधसरूच्या लाकडाच्या वस्तूंची दुकाने आहेत, बर्फावर घसरायला येणाऱ्यांसाठी हॉटेले आहेत, आणि त्यांवर जगणाऱ्या कुटुंबांची मी कुठेही हेटाळणी करणार नाही. पण पाहुणा येतो तो जुन्या झाडाखाली उभा राहायला. माथ्यावरच्या वीतभर रोपात, मेंढपाळाच्या वाटेत, चुनखडीच्या भेगेत त्याला गोडी नसते. पर्यटनाचा पैसा साहजिकच जिथे पाहुणा थांबतो तिथे खर्च होतो: वाहनतळ, पायवाट, दिवे. शिवाय तो भरवशाचा नाही. २०१९ च्या शेवटी लेबनॉनची अर्थव्यवस्था कोसळली, लिराची किंमत नव्वद टक्क्यांहून जास्त घसरली, मग महामारी, मग युद्ध. डोंगरी भागांत इंधन परवडेना तेव्हा सरपणासाठी झाडे तोडली जाऊ लागली. ज्या वर्षी पाहुणा येत नाही त्याच वर्षी डोंगरावर कुऱ्हाड पडते. जंगलाची राखण पाहुण्यांच्या संख्येवर टांगून ठेवणे म्हणजे नेमक्या वाईट काळात तिला सोडून देणे.

आणखी एक उपाय सुचवला जातो: सगळा माथा बंद करा. लष्कराला द्या किंवा अभयारण्य जाहीर करा, कुणालाच हक्क नको. हा उपाय दिसतो समतोल. पण लष्कर माणसांना एकमेकांपासून दूर ठेवू शकते, झरा कुणाचा हे सांगू शकत नाही. आणि मेंढपाळाला कायमचा बाहेर काढून राखलेला डोंगर जगभर कुठेही फार काळ राखला गेलेला नाही. तो रात्री चोरून वापरला जातो. चराई कुठे, किती, कुठल्या महिन्यात, कोवळ्या रोपांपासून किती अंतरावर, हे ठरवता येते. ठरवायला समोर बसावे लागते, आणि समोर बसायला आपण कशावर बसलो आहोत ते ठाऊक असावे लागते.

म्हणून मोजणी आधी. मोजणीने सगळे भांडण मिटेल असा माझा दावा नाही. निकालाने एक बाजू नाराज होईल, कदाचित दोन्ही. पण हरलेल्याला अपिलाचे दार असते, हद्दीबद्दल अफवा पसरवायला जागा उरत नाही, आणि पुढच्या उन्हाळ्यात कुणी पाइप टाकला तर तो गुन्हा आहे की हक्क याचे उत्तर बंदुकीकडे मागावे लागत नाही. मोजणी करताना पाण्याचा प्रश्न जमिनीपासून वेगळा काढला पाहिजे. जमीन बशर्रीची ठरो की बका सफरीनची, तिच्याखालून जाणारे पाणी दोघांचे राहील असे आधीच लिहून ठेवावे. पठारावरच्या खळग्यांत रंग सोडून कुठल्या झऱ्यात तो निघतो याची तपासणी करावी, आणि ती करताना दोन्ही गावांचे लोक आपापल्या झऱ्यापाशी स्वतः उभे असावेत, म्हणजे निष्कर्षावर विश्वास बसेल. माथ्यावर कुठलेही तळे, पाइप किंवा रस्ता करायचा तर या तपासणीनंतरच. आणि वृक्षारोपणासाठी वरचा जो पट्टा लागेल तो कुणाच्याही मालकीत असला तरी शंभर वर्षांसाठी वनासाठी बांधून ठेवावा. त्याच्या देखरेखीच्या समितीत दन्नियेहचे लोक बशर्रीच्या लोकांच्या बरोबरीने असावेत. दन्नियेहच्या तरुणाने लावलेला गंधसरू बशर्रीच्या राईचे बी घेऊन वाढेल, यात कुणाचे काय कमी होणार आहे?

दिवाळखोरीत निघालेल्या देशाला हे झेपेल का, असे विचारले जाईल. मोजणीला धरणाइतका पैसा लागत नाही. लागतात काही भूमापक, एक स्वतंत्र न्यायाधीश, लष्कराकडचे जुने नकाशे, आणि दोन उन्हाळे. या राईच्या नावाने जगभरातून मदत गोळा होते. परदेशी गेलेले लेबनीज आपल्या नावाने एकेक रोप लावण्यासाठी पैसे पाठवतात, आणि ज्या देशातून इतकी माणसे बाहेर गेली तिथे ही ओढ समजण्यासारखी आहे. त्या मदतीतला वाटा माथ्याच्या मोजणीसाठी आणि झऱ्यांच्या तपासणीसाठी मागायला काहीच हरकत नाही. युनेस्कोनेही दरवेळी दरीतल्या बांधकामांबद्दल विचारताना, ज्या बर्फावर ती दरी आणि ती राई जगते त्या माथ्याची हद्द ठरली का, हा प्रश्न लेबनॉन सरकारला लेखी विचारावा. आणि बशर्रीच्या नगरपालिकेने हद्द निश्चित करण्याचा अर्ज बका सफरीनच्या नगरपालिकेबरोबर संयुक्तपणे, दोन्ही सह्यांनी, न्यायालयात द्यावा. तो येत्या हिवाळ्यातच द्यावा. वर बर्फ असताना तिथे कुणी जात नाही, आणि भांडायला फारसे काही नसते.